चंडोलाचे छायाचित्र आणि ‘पडीक’ माळ

बारामती-इंदापूरचा प्रदेश ऊस आणि कालवे यांच्यामुळे सर्वपरिचित आहे. कालव्याचे पाणी न पोहोचलेल्या कऱ्हाटीच्या माळाची ओळख मात्र फार थोड्यांना असते. भिगवणला रोहित पाहावयास येणाऱ्या छायाचित्रकारांची वाट अलीकडे कडबनवाडी, शिर्सुफळ येथील गवताळ माळांकडेही वळू लागली असून, वन खात्याने २०२४ साली तेथे माळरान सफारी सुरू केली.

या माळाचा खरा गवई म्हणजे चंडोल. त्याची एक तांबूस, तुरेवाली जात कर्नल साइक्स यांच्या नावाने ओळखली जाते. दख्खनच्या पक्ष्यांची त्यांची यादी १८३२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. साइक्स हे मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी. पिके, लोकसंख्या यांची माहिती गोळा करीत हिंडताना त्यांनी पाखरांचीही नोंद ठेवली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा योगायोग सुखावणारा वाटावा! हा चंडोल उडता उडता गातो आणि आपल्या गाण्यात इतर पाखरांचे आवाजही बेमालूम मिसळतो. त्याचा भाऊबंद डोंबारी चंडोल हवेत उंच चढतो, पंख मिटून खाली झेपावतो आणि जमिनीलगत येताच पुन्हा वर उसळतो.

अशा पाखराचे चित्र टिपावयाचे तर तासन्‌तास थांबावे लागते, कारण त्याचा रंग मातीचाच. ही प्रतीक्षा टाळण्यासाठी काहीजण मोबाइलवर ध्वनिमुद्रित गाणे वाजवितात. आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला अशा समजुतीने नर चारा टाकून धावत येतो. छायाचित्र मिळते, त्याची किंमत मात्र ऐन उन्हात पाखरू मोजते. घरटेही जमिनीवरच, गवताच्या ठोंबाआड किंवा ढेकळालगत असते. वाट सोडून हाकलेल्या मोटारीखाली अंडी केव्हा चिरडली गेली, हे आतील माणसांस कळतही नाही. पक्ष्यांच्या घरट्यांना उपद्रव देणे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीतच मोडते, याची जाणीव कितीजणांस असते?

तथापि सारा दोष छायाचित्रकारांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. सरकारी दप्तरी असे माळ बहुधा ‘पडीक’ म्हणून नोंदले जातात. धनगरांची मेंढरे ज्यावर जगतात, चिंकारा आणि चंडोल जेथे वाढतात, त्या जमिनीचे उत्पन्न शून्य धरले गेले, की तेथे झाडे लावणे हे पुण्यकर्म ठरते. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी राखले गेले, पण त्याचे क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. बाकीच्या माळाचे काय?

येथे छायाचित्राचा निराळा उपयोग संभवतो. तारीख आणि गटक्रमांक यांसह टिपलेले चंडोलाचे चित्र म्हणजे त्या जमिनीच्या उपयोगाचा पुरावाच होय. घरट्याची जागा चारचौघांत जाहीर न करता अशा नोंदी वन खात्याकडे वेळेवर पोहोचाव्यात. वृक्षलागवडीचे खड्डे पावसाळ्यापूर्वी खणतात, आणि चंडोलांची अंडीही त्याच दिवसांत उघड्या माळावर असतात.