नाव नसलेली चित्रे: ब्रिटनची दृश्यकला आणि जव्हार-मोखाडा

जव्हार आणि मोखाडा म्हटले की उर्वरित महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर दोन चित्रे येतात. पहिले गेरूने सारवलेल्या भिंतीवरचे, तांदळाच्या पिठाने रेखलेले: तारपकऱ्याभोवती फेर धरलेल्या आकृत्या, भाताची खाचरे, झाडे, मोर. दुसरे कुपोषित बालकाचे छायाचित्र. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले, तेव्हापासून हे दुसरे चित्र पुन्हा पुन्हा छापले गेले आहे. एक चित्र चादरींवर, कपांवर आणि लग्नपत्रिकांवर दिसते, दुसरे बातम्यांत. दोन्ही चित्रे एकाच डोंगराळ मुलखातली आहेत आणि दोन्हींत बहुतेक वेळा नाव नसते. पहिल्यात काढणाऱ्याचे नसते, दुसऱ्यात काढून घेणाऱ्याचे. नाव गाळणे ही शिष्टाचारातली बारीकशी चूक आहे असे आपण समजत आलो. प्रत्यक्षात दृश्यकलेच्या व्यवहारात हक्क, मोबदला आणि समीक्षा या तिन्ही गोष्टी नावापासून सुरू होतात. नाव गेले की पुढचे सगळेच जाते. हे पडताळून पाहायला ब्रिटनमधील गेल्या चार-पाच दशकांची कला, छायाचित्रण आणि जाहिरात फार उपयोगी पडतात, कारण चित्र कुणाचे, हा प्रश्न तिथे उघडपणे आणि वारंवार भांडला गेला आहे.

ब्रिटनमध्ये कला आणि जाहिरात यांच्यामधली भिंत लवकर पातळ झाली. १९७० साली चार्ल्स आणि मॉरिस साची या भावांनी ‘साची अँड साची’ ही जाहिरात संस्था काढली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हुजूर पक्षासाठी तिने केलेले, बेरोजगारांची लांबलचक रांग दाखवणारे पोस्टर राजकीय जाहिरातींच्या इतिहासात कायमचे जाऊन बसले. त्याच चार्ल्स साचींनी १९८५ मध्ये लंडनमध्ये स्वतःचे कलादालन उघडले. १९८८ मध्ये डेमियन हर्स्ट या विद्यार्थ्याने गोदी भागातल्या एका रिकाम्या इमारतीत आपल्या सोबत्यांचे ‘फ्रीझ’ हे प्रदर्शन भरवले आणि त्यातून पुढे आलेल्या पिढीचे मोठे खरेदीदार साचीच ठरले. त्यांच्या संग्रहाचे ‘सेन्सेशन’ हे प्रदर्शन १९९७ मध्ये रॉयल अकॅडमीत झाले, तोवर जाहिरातीचा पैसा, जाहिरातीची चटपटीत भाषा आणि दालनातली कला एकमेकांत मिसळून गेली होती. मिसळण झाली की उसनवारी आलीच. जाहिरातवाले दालनांत नजर ठेवून असत आणि कलावंतांना आपली कल्पना दूरचित्रवाणीवर परक्या मालाची भलामण करताना भेटू लागली.

या उसनवारीचे तीन प्रसंग आपल्याला बरेच शिकवतात. जिलियन वेअरिंग या कलावतीने १९९२-९३ मध्ये रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना कोरा कागद देऊन मनातले लिहायला सांगितले आणि तो कागद हाती धरलेली त्यांची छायाचित्रे काढली. काही वर्षांनी फोक्सवॅगनच्या जाहिरातीत तशीच फलक धरलेली माणसे दिसली. वेअरिंग यांनी जाहीर आक्षेप घेतला. कल्पनेवर कायद्याने हक्क सांगणे मात्र अवघड होते. दुसरा प्रसंग कोर्टात गेला. महदी नोरूझियान यांच्या ‘जॉय’ या १९९२ च्या लघुपटातील झटकेदार संकलनाची शैली १९९४ मधील गिनेस बिअरच्या जाहिरातीत उतरली होती. लंडनच्या अपील न्यायालयाने १९९९ मध्ये चित्रपटाला नाट्यकृती म्हणून संरक्षण मान्य केले, पण शैली आणि तंत्र सारखे असणे म्हणजे नक्कल नव्हे, असा निकाल दिला. तिसऱ्या प्रसंगात पारडे उलटे झुकले. वेस्टमिन्स्टर पुलावरची लाल बस आणि मागे करड्या रंगातले संसद भवन, अशा छायाचित्राशी मिळतेजुळते चित्र एका चहा कंपनीने डब्यांवर छापले होते. २०१२ मध्ये न्यायालयाने ते कॉपीराइटचे उल्लंघन ठरवले, कारण त्या विशिष्ट छायाचित्रातली मांडणी आणि रंगनिवड ही एका छायाचित्रकाराची निर्मिती होती. तिन्ही प्रसंगांची गोळाबेरीज सरळ आहे. कायदा शैलीचे रक्षण करत नाही, ठरावीक माणसाने केलेल्या ठरावीक कृतीचे करतो. आणि शैली कायद्याने वाचत नसली, तरी कर्त्याचे नाव ठाऊक असेल तर निदान समाजापुढे जाब विचारता येतो. फोक्सवॅगनच्या जाहिरातीवर चर्चा झाली, ती वेअरिंग हे नाव लोकांना माहीत होते म्हणून.

आता वारली चित्रांकडे यावे. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले आणि अनेकांना वाटले की प्रश्न सुटला. मानांकन मोलाचे आहेच. मानांकनाच्या क्षेत्राबाहेर तयार झालेला माल ‘वारली चित्र’ या नावाने विकण्याला ते अटकाव करते. पण ते नावाचे रक्षण आहे, रेषेचे नव्हे. ‘वारली’ हा शब्दच न वापरता दोन त्रिकोण जोडून केलेली माणसे कुणी पडद्याच्या कापडावर छापली, तर मानांकनाचा हात तिथे सहजी पोचत नाही. कॉपीराइटही पोचत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आकृतीला एक कर्ता नाही. मात्र जव्हारच्या एखाद्या पाड्यावर राहणाऱ्या चित्रकर्तीने आज काढलेले चित्र कायद्याच्या दृष्टीने पूर्णपणे तिचे असते. तिच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे त्याचा कॉपीराइट टिकतो. भारतीय कायद्यात ५३अ हे कलमही आहे. मूळ चित्राची फेरविक्री १०,००० रुपयांहून जास्त किमतीला झाली, तर चित्रकाराला त्यात जास्तीत जास्त १० टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो. ब्रिटनने असा फेरविक्रीचा हक्क २००६ मध्ये आणला आणि तिथे १९८४ पासून काम करणारी ‘डॅक्स’ ही दृश्यकलावंतांची संस्था तो वाटा गोळा करून कलावंतांपर्यंत पोचवते. आपल्याकडे कलम आहे, गोळा करणारी यंत्रणा नाही. आणि यंत्रणा उद्या उभी राहिली, तरी चित्रामागे नाव, गाव आणि तारीख नसेल तर ती वाटा कुणाच्या हाती देणार? निनावी चित्र विकणारा दुकानदार चित्रकर्तीचा हा हक्क पहिल्याच विक्रीत पुसून टाकतो.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. वारली चित्र मुळात सामूहिक आणि निनावी, त्याला व्यक्तीचे नाव चिकटवणे म्हणजे शहरी कलाबाजाराची रीत आदिवासींवर लादणे. आक्षेप गंभीर आहे, पण त्याच्या पायाशी असलेली समजूत अपुरी आहे. लग्नातला देवचौक कुणीही उठून काढत नाही. तो सवाष्णी काढतात, लग्न लावणारी धवलेरी गाण्यातून देवांना बोलावते आणि चौकात पालघट देवी बसते. कुणी काढायचे, कधी काढायचे आणि त्या बदल्यात कुणाचा मान करायचा, हे समाजाने ठरवलेले आहे. जव्हार-मोखाड्याच्या बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवातही हेच दिसते. अमुक सोंग नाचवण्याचा मान अमुक घराकडे, हे गावाला पक्के ठाऊक असते. म्हणजे गावात सही नसते कारण सहीची गरज नसते, काढणारीला सगळे ओळखतात. चित्र गाव सोडून मुंबईच्या दुकानात पोचते तेव्हा ही ओळख गळून पडते. तिथे कागदावर नाव लिहिणे म्हणजे परकी रीत लादणे नव्हे. गावात जो मान आपोआप मिळत होता, तो बाहेर मिळण्याचा तेवढाच एक मार्ग उरतो.

परंपरा बदलू नये असेही कुणी म्हणत नाही. ती बदललीच आहे आणि आतून बदलली आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी वारल्यांच्या हाती कागद आणि रंग दिले. याआधी बिहारच्या दुष्काळात मिथिलेतल्या स्त्रियांची चित्रे कागदावर आणण्याचे काम त्यांनी केले होते. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी स्त्रियांचे मानले जाणारे हे चित्रण आपलेसे केले, लग्नाच्या चौकातून ते मोकळे केले आणि मासेमारीची जाळी, मुंग्यांची वारुळे, शेतातली लगबग अशा विषयांकडे नेले. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या रेषेत स्वतःची अशी थरथर आणि गती होती. त्यांच्या चित्राला त्यांचे नाव लागले, तेव्हाच पाहणाऱ्याला ही थरथर वेगळी म्हणून दिसू लागली. निनावी चित्राची स्तुती होते, समीक्षा होत नाही.

ब्रिटिश कलेशी या प्रदेशाची थेट गाठ पडते तीही म्हसे यांच्यामार्फत. ब्रिस्टलमध्ये जन्मलेले रिचर्ड लाँग यांनी १९६७ मध्ये एका गवताळ माळावर पुन्हा पुन्हा चालून पायवाटेची एक रेघ उमटवली आणि तिचे छायाचित्र हीच कलाकृती म्हणून मांडली. पुढे त्यांनी दगडांची वर्तुळे रचली, एव्हन नदीचा चिखल हातांनी दालनांच्या भिंतींवर लावला. १९८९ साली पॅरिसमध्ये झाँ-युबेर मार्तँ यांनी जगभरातल्या कलावंतांना एका छताखाली आणणारे जे गाजलेले प्रदर्शन भरवले, त्यात लाँगही होते आणि म्हसेही. त्याच वर्षी लाँग यांना टर्नर पारितोषिक मिळाले. २००३ मध्ये लाँग वारल्यांच्या मुलखात येऊन चालले आणि तिथे काम केले. त्यातल्या एका कामाच्या शीर्षकात त्यांनी वारली आदिवासी भूमी, महाराष्ट्र असा उल्लेख केला. मग जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात या दोघांचे ‘संवाद’ या अर्थाच्या नावाचे प्रदर्शन झाले. एकाच्या हाती चिखल, दुसऱ्याच्या हाती तांदळाचे पीठ, दोघांच्या कामात वर्तुळ, आणि दोन्ही नावे शेजारी शेजारी. लाँग यांनी म्हशांची आकृती उचलून आपल्या चित्रात घातली नाही. ते त्या भूमीवर चालले, स्वतःचे काम केले आणि म्हशांचे काम म्हशांच्या नावाने शेजारी राहिले. प्रभाव कसा घ्यावा आणि जागा कशी द्यावी, याचा हा वस्तुपाठ आहे.

ड्युसेलडॉर्फच्या या प्रदर्शनावरही टीका होऊ शकते. आयोजक युरोपीय, दालन युरोपीय, आणि गंजाडच्या शेजाऱ्यांना ते कधी पाहायला मिळाले नाही. शिवाय एक म्हसे जगभर पोचले म्हणून जव्हारच्या बाजारात चित्र विकणाऱ्या मुलीचा भाव वाढतो असे नाही. टीका खरी आहे, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष नाव गाळण्याच्या बाजूने जात नाही. एका नावाने भागत नाही, म्हणून अनेक नावे हवीत, एवढेच त्यातून निघते. २०१० च्या दिवाळीत कोका-कोलाने घरी परत येण्याच्या कल्पनेवर वारली आकृत्यांची मोठी जाहिरात मोहीम केली. अशा मोहिमांमुळे कला घराघरांत पोचते, असे समर्थन केले जाते. शैली पोचते हे मान्य. पण जाहिरात पाहून प्रेक्षकाच्या लक्षात पेयाचे नाव राहते, चित्रकाराचे नाही. पुढचा ग्राहक मग ‘वारली डिझाइन’ मागतो, आणि ते कोणत्याही शहरातला संगणकावर बसलेला डिझाइनर अर्ध्या तासात देऊ शकतो. प्रसिद्धी शैलीची झाली की काम नकलाकाराला मिळते. ती चित्रकाराची झाली तर काम चित्रकाराला मिळते.

छायाचित्राच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण तिथे नाव छापणे हेच अन्यायाचे होऊ शकते. आजारी मुलाचे नाव वर्तमानपत्रात येऊ नये, हे योग्यच. मग इथे नावाचा आग्रह कसा धरायचा? ब्रिटनमधली दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत. मार्टिन पार यांचे १९८६ चे ‘द लास्ट रिसॉर्ट’ न्यू ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुट्टी घालवणाऱ्या कष्टकऱ्यांची भडक रंगांतली छायाचित्रे दाखवते. छायाचित्रकाराने गरिबांकडे वरून पाहिले, असा त्यावर आरोप झाला. रिचर्ड बिलिंगहॅम यांचे १९९६ चे ‘रेज अ लाफ’ दारू, अस्वच्छता आणि कोंदट घर याहूनही निर्दयपणे दाखवते. पण तो बाप रे आहे, ती आई लिझ आहे आणि कॅमेरा त्यांच्या मुलाच्या हाती आहे. नजर घरातली असली की दारिद्र्यही एका माणसाचे होते, नमुन्याचे राहत नाही. १९८४ च्या इथिओपियातील दुष्काळाची छायाचित्रे पाहून ब्रिटिश जनतेने भरभरून पैसा दिला. पण त्या छायाचित्रांनी आफ्रिकी माणसाला निव्वळ याचक करून टाकले, ही खंत मदत संस्थांमध्येच व्यक्त झाली. १९८९ मध्ये युरोपातील स्वयंसेवी संस्थांनी अशा प्रतिमांसाठी आचारसंहिता मान्य केली. छायाचित्राने सरकार हलते आणि सभ्यपणा पाळत बसलो तर मुले मरतील, असा प्रतिवाद इथे होतो. वावर-वांगणीच्या बातम्यांनी सरकारला हलवले, हे नाकारता येणार नाही. पण सरकारला हलवते ती माहिती: गाव, पाडा, रेशनची तारीख, दवाखान्याचे अंतर, रोजगार हमीची थकलेली मजुरी. उघड्या अंगाचे मूल तेवढे दाखवून ही माहिती गाळली, तर उरते फक्त दया, आणि दया पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. मुलाचे नाव झाकावे. संमती, ठिकाण, कारण आणि छायाचित्रकाराचे नाव झाकू नये. आणि तो छायाचित्रकार जव्हार-मोखाड्यातला तरुण किंवा तरुणी असेल, तर त्याहून चांगले.

ब्रिटनचे सगळेच अनुकरणीय आहे असे नाही. तिथेही वेअरिंग यांना नुसता आक्षेप घेऊन थांबावे लागले आणि नोरूझियान हरले. शैली कुणाच्या मालकीची असू नये हेही बरोबरच, नाही तर उद्या पाड्यावरच्या मुलीलाच चित्र काढायला परवानगी मागावी लागेल. म्हणून कायद्याची वाट पाहत बसण्यापेक्षा व्यवहार बदलणे आपल्या हाती आहे. वारली आकृती हवी असेल तर ती उचलू नये, काढून घ्यावी: वारली चित्रकाराला काम सांगावे, मोबदला आधी ठरवावा, किती प्रती आणि कशासाठी हे लेखी द्यावे आणि चित्राखाली नाव व गाव छापावे. शाळांनी भिंती रंगवताना, सरकारी कार्यालयांनी फलक करताना, लग्नपत्रिका छापणाऱ्यांनी आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी मुखपृष्ठ आणि आतील सजावट ठरवताना एवढे केले, तरी जव्हार-मोखाड्यातल्या अनेक घरांत हक्काचा पैसा जाईल. आणि वाचकांना विनंती एवढीच की यापुढे वारली चित्र विकत घेताना किमतीच्या आधी एक प्रश्न विचारावा: हे कुणी काढले? विक्रेत्याकडे उत्तर नसेल, तर ते चित्र घेऊ नये.