गुडघ्याचा पट्टा आणि रोजचा पेहराव

डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार नी-कॅप घरी येते. पहिले दोन-चार दिवस ती नेमाने वापरलीही जाते. मग पँट मांडीत घट्ट होऊ लागते, साडीच्या निऱ्या पट्ट्यात अडकतात, घामाने खाज सुटते आणि नी-कॅप कपाटाच्या खणात जाऊन पडते. त्यानंतर ‘पट्ट्याचा काही उपयोग झाला नाही’ अशी तक्रार ऐकू येते. अनेकदा या तक्रारीमागे केवळ कपड्यांची अडचण असते आणि ती बऱ्याच अंशी दूर करता येण्याजोगी असते.

बोलीभाषेत सरसकट ‘पट्टा’ म्हटले जात असले, तरी त्याचे प्रकार निरनिराळे आहेत. पायमोज्यासारखी चढवायची नी-कॅप सांध्याला ऊब आणि हलका दाब देते. तिने झीज भरून येत नाही, मात्र चालताना आधार वाटतो. दोन्ही बाजूंना बिजागऱ्या असलेला ब्रेस अस्थिबंध दुखावल्यास दिला जातो. मांडीपासून पोटरीच्या खालपर्यंत येणारा लाँग ब्रेस पाय सरळ ठेवण्यासाठी असतो आणि तो मुख्यत्वे अस्थिभंगानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर वापरावा लागतो. पहिला प्रकार बहुतेक कपड्यांखाली झाकला जातो, दुसऱ्यासाठी कपडे सैल हवेत आणि तिसऱ्यासाठी कपडेच बदलावे लागतात.

पट्टा शक्यतो थेट त्वचेवर बांधावा. पँटवरून बांधल्यास तो घसरतो आणि खाली कापडाच्या चुण्या पडून त्या रुततात. त्वचा नाजूक असल्यास किंवा घाम फार येत असल्यास आत पातळ, शिवण नसलेले, नळीसारखे विणलेले सुती कापड घालावे. सर्जिकल साहित्याच्या दुकानात ते ‘स्टॉकिनेट’ या नावाने मिळते. बऱ्याच नी-कॅप निओप्रीन या कृत्रिम रबरापासून बनतात आणि त्यातून हवा खेळत नाही. मुंबईच्या दमट हवेत त्याचा त्रास अधिक होतो. काहींना या रबरातील रसायनांची अॅलर्जीही असते. पट्ट्याच्या आकाराचाच लालसर चट्टा उठला, तर पावडर लावून दिवस ढकलू नयेत. डॉक्टरांना दाखवून दुसऱ्या कापडाचा पट्टा घ्यावा.

मांडी वर रुंद आणि गुडघ्याकडे निमुळती असल्याने पट्टा खाली सरकणे स्वाभाविक आहे. तो सरकला की माणसे तो अधिक आवळतात आणि खरा धोका येथेच आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, किंचित खाली, हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. त्याला वळसा घालून एक मज्जातंतू अगदी त्वचेलगत खाली उतरतो. त्यावर सतत दाब पडल्यास पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या येतात, बधिरता येते आणि दाब फार काळ राहिल्यास पाऊल वर उचलणेही अवघड होते. घट्ट जीन्स पट्ट्यावरून चढवली की हा दाब आणखी वाढतो. बंदाखाली दोन बोटे सहज शिरावीत इतपतच तो आवळावा. मुंग्या आल्यास, पावलाचा रंग बदलल्यास किंवा पोटरी सुजून दुखू लागल्यास विलंब न करता डॉक्टरांशी संपर्क साधावा.

साडी नेसणाऱ्या महिलांना झाकण्याचा प्रश्न येत नाही. त्यांचा प्रश्न वेल्क्रोचा असतो. त्याची काटेरी बाजू जॉर्जेट, शिफॉन यांसारख्या कापडाचे धागे ओढते आणि एखाद्या पावलाला निऱ्याच सुटून येतात. यावर सोपा उपाय आहे. बंदाचे टोक पूर्णपणे मऊ बाजूवरच चिकटेल असे बांधावे आणि जुन्या सुती लेगिंगचा पाय कापून तो सैलसर बाहीसारखा वरून चढवावा. परकर घेरदार हवा. हल्ली मिळणारे अंगालगत बसणारे शेपवेअर या काळात बाजूला ठेवलेलेच बरे. सलवार, पटियाला किंवा पलाझो सोयीचे. चुडीदार मात्र टाळावा. नऊवारी नेसायची असल्यास पट्टा आधी बांधून, दोन पावले चालून पाहावे. काष्टा घातल्यावर तो पुन्हा नीट करणे जवळजवळ अशक्य असते.

पुरुषांनी पँट शिवून घेताना शिंप्याकडे पट्टा बांधूनच जावे आणि एकदा खुर्चीत बसूनही माप द्यावे. उभ्याने ठीक वाटणारी पँट लोकलच्या बाकावर बसताच गुडघ्यात ताणली जाते, हा अनुभव अनेकांचा असेल. प्लेट असलेली, गुडघ्यात सैल पँट नी-कॅप आणि बिजागरीच्या ब्रेसवर चालते. लाँग ब्रेससाठी घरी लुंगीसारखे सोयीचे वस्त्र नाही. कार्यालयात जाणे भागच असल्यास जुन्या पँटची बाहेरची शिवण उसवून तेथे चेन लावून घेता येते. कपडे घालताना दुखरा पाय आधी घालावा आणि काढताना शेवटी काढावा. हे सारे बसून करावे. एका पायावर तोल सावरत पँट चढवताना पडल्यास उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची वेळ येऊ शकते.

लग्नसमारंभासाठी ‘तेवढ्या दोन तासांपुरता’ पट्टा काढून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. संधिवातासाठी नी-कॅप वापरणाऱ्यांच्या बाबतीत यातून फारसे बिघडत नाही. वाटीचा अस्थिभंग किंवा अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी मात्र डॉक्टरांच्या परवानगीशिवाय ब्रेस काढू नये, तसेच कपडा बसावा म्हणून बिजागरीची कुलपे सैल करू नयेत. पंगतीत मांडी घालून बसण्याऐवजी खुर्ची मागावी. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

नवा पट्टा घेताना दुकानात नेहमीचेच कपडे घालून जावे, म्हणजे जुळणी तेथेच कळते. माप अंदाजाने न देता वेष्टनावर दाखवलेल्या जागी फितीने घ्यावे. वाटीसाठी गोल खाच असल्यास ती बरोबर वाटीवर यावी आणि बिजागऱ्या दोन्ही बाजूंना साधारण वाटीच्या मध्याच्या पातळीवर असाव्यात. पावसाळ्यात निओप्रीन लवकर वाळत नाही, त्यामुळे परवडत असल्यास दोन नग घ्यावेत. धुताना निघत असतील तर बिजागऱ्या काढाव्यात आणि वेल्क्रो बंद करावा. सौम्य साबणाने हाताने धुऊन, न पिळता पट्टा सावलीत पसरावा. ओलसर पट्टा तसाच बांधून घराबाहेर पडू नये.