जागलीच्या कुत्र्याच्या पायांची निगा

घाटंजी तालुक्यात कपाशी, तूर व सोयाबीन ही खरिपाची प्रमुख पिके होत. टिपेश्वरच्या जंगलालगतच्या गावांत पीक हाताशी येऊ लागले की रानडुकरे व रोही यांचा उपद्रव वाढतो आणि शेतकऱ्यास रात्री वावरात जागलीला जावे लागते. अशा वेळी त्याचा खरा सोबती म्हणजे त्याचा कुत्रा. बैलाचा खूर दुखावला तर शेतकरी त्याच दिवशी उपाय करतो. कुत्रा मात्र चार दिवस लंगडला तरी ‘होईल आपोआप बरा’ असे म्हणून सोडून दिला जातो. ही उपेक्षा कुत्र्यास तर बाधतेच, परंतु फवारणीच्या दिवसांत ती त्याच्या जिवावरही बेतू शकते.

पाय का चुरचुरतात?

कुत्र्याच्या तळव्यावरील गाद्या जाड व चिवट असतात. बोटांमधील कातडी मात्र नाजूक असते. आपल्या काळ्या जमिनीचा चिखल या बेचक्यांत बसतो, वाळून कडक होतो आणि चालताना कातडी सोलतो. सराटा, बाभळीचा काटा व कुसळ तेथेच रुततात. गोचीडही बहुधा याच जागी दडून बसतो. हिवाळ्यात पहाटे दहिवराने भिजलेल्या हरभऱ्यातून कुत्रा फिरला, तर हरभऱ्याची आंब खरचटलेल्या कातडीस झोंबते. गाजरगवताच्या संपर्कानेही त्वचेचा दाह होतो.

पाय चुरचुरू लागला की कुत्रा तो चाटतो. सतत चाटल्याने कातडी ओली राहते, मऊ पडते व तीत जंतूंचा शिरकाव होतो. खाज वाढते आणि कुत्रा अधिकच चाटतो. पांढऱ्या कुत्र्याच्या बोटांमधील केस तांबूस झालेले दिसले, तर तो बरेच दिवस पाय चाटत आहे असे समजावे. एकच पाय दुखत असेल तर बहुधा काटा, कुसळ किंवा जखम असते. चारही पायांना खाज असेल तर कारण चिखल, वनस्पती, औषध किंवा कातडीचा रोग यांपैकी असण्याचा संभव अधिक.

परतल्यावर पाय धुणे

यावर सर्वांत सोपा व बिनखर्चाचा उपाय म्हणजे कुत्रा वावरातून परतताच, तो चाटू लागण्यापूर्वी, त्याचे पाय धुणे. पसरट टोपल्यात साधे पाणी घेऊन एकेक पाय त्यात बुडवावा व बोटांमधील चिखल हलक्या हाताने सोडवावा. नंतर जुन्या सुती कापडाने बेचके पूर्ण कोरडे करावे. पाय धुऊन ओलेच ठेवल्यास लाभाऐवजी हानी होते. पुसतानाच प्रत्येक बेचके बोटाने चाचपून काटा, गोचीड किंवा सूज आहे काय ते पाहावे. बोटांमधील लांब केस कात्रीने बेताने कापल्यास चिखल व कुसळ अडकून राहत नाहीत.

वर दिसणारा काटा चिमट्याने सरळ ओढून काढावा. गोचीड कातडीलगत धरून सावकाश ओढावा. तो बोटांनी चिरडू नये. कुसळ आत शिरले असेल तर सुईने कोरत बसू नये. ते मांसातून पुढे सरकते आणि बेचक्यात पू गाळणारे लहानसे छिद्र पडते. अशा वेळी पशुवैद्यकाकडूनच ते काढून घ्यावे.

घरगुती उपचार

कातडी केवळ लाल झाली असेल किंवा किरकोळ खरचटले असेल, तर एक लिटर पाणी उकळून गार करावे, त्यात दोन लहान सपाट चमचे मीठ विरघळवावे आणि त्याने पाय दिवसातून दोन वेळा धुऊन कोरडा करावा. जखमेवर पोव्हिडोन आयोडीन फिक्क्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे. पट्टी बांधल्यास ती सैल असावी, रोज बदलावी व भिजताच काढून टाकावी. दुखऱ्या पायास हात लावल्यास घरचा कुत्राही चावतो. यास्तव दुसऱ्या माणसाने त्यास धरावे. चावलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

जखमेवर रॉकेल, जळके ऑइल किंवा फिनाइल कधीही लावू नये. कुत्रा ते चाटतो व विष पोटात जाते. माणसाच्या अंगदुखीच्या गोळ्याही त्यास देऊ नयेत; त्यांपैकी कित्येक कुत्र्यास घातक आहेत.

फवारणीच्या दिवसांतील धोका

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. जे औषध माणसास असे बाधते, ते फवारलेल्या पऱ्हाटीतून हिंडणाऱ्या कुत्र्याच्या पायांस व केसांस लागते आणि चाटताना त्याच्या पोटात जाते.

म्हणून फवारणीच्या दिवशी कुत्रा घरीच बांधावा. फवारलेल्या शेतात पुन्हा कधी जावे याचा अवधी डब्याच्या लेबलावर दिला असल्यास तो पाळावा. दिला नसल्यास निदान दोन दिवस कुत्र्यास तेथे नेऊ नये. फवारणीचे पाणी साचलेल्या खड्ड्यापासून त्यास दूर ठेवावे. तरीही तो फवारलेल्या वावरात शिरलाच, तर रबरी हातमोजे घालून त्याचे पाय व पोट साबण आणि भरपूर पाण्याने धुवावे. गोचीड मारण्यासाठी कपाशीचे औषध कुत्र्याच्या अंगास चोळण्याची चाल तर सर्वथा बंद झाली पाहिजे.

लाळ गळणे, उलटी, हगवण, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, अंग थरथरणे व धाप लागणे ही विषबाधेची लक्षणे होत. ती दिसताच वेळ न दवडता औषधाच्या डब्यासह कुत्र्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. घरी उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. लाळ पिसाळण्याच्या रोगातही गळते. म्हणून अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये.

उन्हाळ्यात

वैशाखातील डांबरी रस्त्याने तळवे भाजतात. हाताची मागील बाजू रस्त्यावर टेकवून सात अंक मोजेपर्यंत ठेवता आली नाही, तर त्या वाटेने कुत्र्यास नेऊ नये. पहाटे किंवा दिवस मावळल्यानंतर, शक्यतो धुऱ्याच्या मातीवरून न्यावे. भाजल्यास पाय साध्या गार पाण्यात दहा मिनिटे धरावा. बर्फ लावू नये. पऱ्हाटी उपटल्यावर राहिलेली धसकटेही तळवा फाडतात. वावर साफ करताना ती वेचून घेतल्यास माणसांच्या पायांचेही रक्षण होते.

सूज दोन दिवसांत न ओसरल्यास, पू किंवा दुर्गंधी येत असल्यास अथवा कुत्रा पाय टेकीतच नसल्यास दवाखाना गाठावा. एरवी एक टोपले पाणी व एक कोरडे फडके एवढ्यावर काम भागते. ते दाराशी ठेवले आणि जागलीवरून येताच कुत्र्याचे पाय धुण्याचा नेम पाळला, तर रात्रभर आपले पीक राखणारा हा सोबती दुसऱ्या रात्रीही चार पायांवर धडधाकट उभा राहील.