दहाव्या महिन्यातला फोन

पुण्या-मुंबईत भाड्याचं घर सोडायचं ठरतं ते बहुधा दहाव्या महिन्यात. मालकांचा फोन येतो, ‘अ‍ॅग्रीमेंट संपत आलंय, दहा टक्के वाढवावे लागतील.’ तोवर चालवून घेतलेलं सगळं मग एकदम डोळ्यांत खुपायला लागतं. वरच्या बाथरूममधून पाणी झिरपून स्वयंपाकघराच्या भिंतीला पोपडे आलेले असतात. डबे ओट्यावरून उचलून हॉलमध्ये मांडलेले असतात. ‘पावसाळा संपला की बघू’ हे उत्तर दिवाळी उलटली तरी तेच असतं. वाढीव भाडं परवडत नाही म्हणून लोक जातात, असं आपण म्हणतो. पुष्कळांना ते परवडतं. ओल्या भिंतीचे जास्त पैसे देणं पटत नाही.

अकरा महिन्यांची प्रथा जुनी आहे. १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. ते टाळायला अकरा महिने. त्यात भाडे कायद्यातल्या १९७३च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला घरात लायसन्सवर, म्हणजे भाडेपट्ट्याऐवजी मालकाच्या नुसत्या परवानगीवर, राहत असलेल्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं आणि मालकांनी धास्ती घेतली. ती समजण्यासारखी होती.

पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ने दोन्ही कारणं काढून टाकली. कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदलेलाच हवा, जबाबदारी मालकाची. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर कलम २४ खाली मालकाला ताबा मागता येतो, वर दुप्पट दराने भरपाई. तरी अकरा महिने सुटत नाहीत.

याचा भुर्दंड भाडेकरूच्या माथी. पुन्हा एजंटची दलाली, टेम्पो, रंगकामाच्या नावाखाली कापलेलं डिपॉझिट, गॅसपासून बँकेपर्यंत पत्ता बदलणं. मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते मुलांचं. खाली खेळायला कुणी हाक मारू लागलेलं असतं, तेवढ्यात सामान बांधायला निघतं.

मालकालाही चांगला भाडेकरू गमावून घर रिकामं ठेवणं परवडत नाहीच. तेव्हा सरळ तीन वर्षांचा करार करावा. दरवर्षीची वाढ, गळती कोण दुरुस्त करणार आणि किती दिवसांत, डिपॉझिटमधून काय कापायचं, हे त्यातच लिहावं. चावी घेताना भिंतींचे फोटो दोघांनीही काढून ठेवावेत.