पाऊस कुरण धुऊन काढतो का?

मृगाचे दोन-चार पाऊस झाले की गायरान हिरवं होतं आणि उन्हाळाभर कडब्यावर काढलेली गुरं चरायला सुटतात. पावसानं घाण वाहून गेली, आता कुरण स्वच्छ झालं, असं अनेक गोपालक धरून चालतात. जंतांच्या बाबतीत घडतं ते नेमकं उलट.

जंतांची अंडी शेणावाटे बाहेर पडतात. उबदार, दमट हवेत ती शेणातच फुटतात आणि साधारण आठवडाभरात अळी तिसऱ्या अवस्थेत पोचते. गुरांना बाधते ती हीच अवस्था. मिलिमीटरभरही लांबी नसलेल्या या अळीला स्वतःहून लांब जाता येत नाही. ओल नसेल तर हालताही येत नाही. तिला वाहन मिळतं ते पावसाचं. टपोरा थेंब शेणावर आदळला की शिंतोड्यांबरोबर ती भोवतालच्या गवतावर जाऊन पडते. हे अंतर फार नसतं, बहुतेक हातभरच. पुढे ओल्या पात्यावरच्या पाण्याच्या पापुद्र्यातून ती थोडी वर सरकते. तरी बहुसंख्य अळ्या बुडख्याशीच राहतात.

शेण वाळलं म्हणजे जंत मेले, हा दुसरा गैरसमज. पातळ पसरलेलं शेण कडक उन्हात सुकलं तर अळ्या मरतात, हे खरं. पण जाड पो वरून खपली धरतो आणि आत ओला राहतो. पावसानं ओढ दिली तरी त्यात अळ्या तग धरतात, आणि पुढच्या सरीनं खपली भिजली की मोठ्या संख्येनं बाहेर पडतात. म्हणून लांबलेल्या उघडिपीनंतरचा पाऊस अधिक जोखमीचा.

काही जंतांना तर शिंतोड्यांचीही गरज नाही. ब्रिटनसारख्या थंड देशांत वासरांना खोकल्यानं बेजार करणाऱ्या फुप्फुसातल्या जंताची अळी शेणावर उगवणाऱ्या पायलोबोलस बुरशीवर चढते. ही बुरशी आपली बीजाणूंची टोपी दोन मीटरपर्यंत भिरकावते, आणि अळीही तिच्याबरोबर जाते. १९६२ मध्ये ‘नेचर’मध्ये याची नोंद प्रसिद्ध झाली.

गाय शेणाजवळचं गवत खात नाही, म्हणून धोका नाही? ती ते टाळते खरी. पण गर्दीच्या गायरानात गवत संपलं की तिथंही तोंड घालते, आणि बुडख्यापर्यंत कुरतडते.

सर्वांत महागात पडणारी समजूत म्हणजे एकदा औषध पाजलं की पावसाळा निघाला. औषध पोटातले जंत मारतं, कुरणावरचे नाही. वासरू पुन्हा अळ्या गिळतं आणि साधारण तीन आठवड्यांत त्याच्याच शेणातून नवी अंडी पडू लागतात. मोठ्या गुरांत काहीशी प्रतिकारशक्ती आलेली असते; पहिल्यांदाच चरायला सुटलेल्या वासरांत ती नसते. हेमाँकससारखा रक्त पिणारा जंत वाढला की हिरड्या फिक्या पडतात, जबड्याखाली पाणी साचतं. अंदाजानं, वारंवार तेच औषध दिलं तर जंत त्याला दाद देईनासे होतात; म्हणून दवाखान्यात शेण तपासून, वजनाप्रमाणे मात्रा द्यावी. कुरणाचे तुकडे पाडता येत असतील, तर प्रत्येक तुकड्यात आधी वासरं सोडावीत आणि त्यांनी वरचं कोवळं गवत खाल्लं की मागून मोठी गुरं.