दक्षिण इराकच्या दलदलीतील बदकांची शिकार कशी ओसरली?

धम्मवर्गात पहिल्या शीलाची चर्चा निघाली की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "शिकार कमी झाली म्हणजे तेवढी अहिंसा वाढली असे समजायचे काय?" प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर शोधताना आम्हांस एका दूरच्या मुलखाचा इतिहास उपयोगी पडला. तो येथे थोडक्यात मांडत आहोत.

तैग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्या दक्षिण इराकमध्ये एकमेकींजवळ येतात तेथे अमारा, नासिरिया आणि बसरा या तीन शहरांच्या दरम्यान विस्तीर्ण दलदल आहे. तिच्या उत्तम काळात ती सुमारे १५ ते २० हजार चौरस किलोमीटर पसरलेली होती. तुर्कस्तानच्या डोंगरांतील बर्फ वसंतात वितळे, नद्यांना पूर येई आणि ते पाणी बोरूच्या बनांत महिनोन्‌महिने साठून राही. हिवाळ्यात सायबेरियाकडून बदकांचे थवे उतरत. आपल्याकडे पैठणच्या नाथसागरावर येणारी चक्रांग, थापट्या, तलवार बदक या जाती तेथेही येतात. या मुलखात बदकाचा आणि माणसाचा संबंध फार जुना आहे. प्राचीन मेसोपोटेमियाचे व्यापारी तोलण्यासाठी जी दगडी वजने वापरीत, त्यांतील कित्येक मान मागे वळवून झोपलेल्या बदकाच्या आकाराची आहेत. जगातील मोठ्या वस्तुसंग्रहालयांत ती आजही पाहावयास मिळतात.

या पाण्यात राहणाऱ्या लोकांना 'मादान' म्हणत. बाहेरचे लोक हा शब्द तुच्छतेनेच उच्चारीत. बोरूच्या मोळ्या एकावर एक दाबून केलेल्या बेटांवर त्यांची घरे, आणि घरेही बोरूचीच. म्हशी पाळाव्यात, मासे मारावेत, बोरूच्या चटया विणाव्यात असा त्यांचा संसार. आठव्या शतकाच्या प्रारंभी सिंधमधील 'झुत्त' नावाचे लोक आपल्या म्हशींसह या दलदलीत वसविले गेले, अशी अरबी इतिहासकारांची नोंद आहे. म्हणजे हे लोक आपल्याला वाटतात तितके परके नाहीत.

हिवाळ्यात बदक हे या लोकांचे अन्न होते. डांबराचा लेप दिलेली अरुंद होडी वल्ह्याचा आवाज न करता बोरूतून पुढे सरकवायची, पक्षी पाण्यावर दाटीने बसले की बार काढायचा. काडतूस महाग, म्हणून एका बारात जितके पक्षी मिळतील तितके हवे असत. उडत्या पक्ष्यावर नेम धरण्याची हौस पाहुण्यांची. घरच्या माणसाला ती परवडत नसे. शिवाय आमिष टाकून जाळ्यातही पक्षी धरीत. विल्फ्रेड थेसिजर हा इंग्रज प्रवासी १९५१ ते १९५८ या काळात जवळजवळ दरवर्षी काही महिने या लोकांत राहिला. त्याचे पुस्तक १९६४ साली निघाले. त्यात एक गोष्ट आमच्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे. तेथील टोळीवाले भाल्याने मासे मारीत, ते मानाचे. जाळ्याने मासे धरून विकणारे 'बर्बरा' मात्र हलके समजले जात. मासा तोच, पाणी तेच, पण धंद्यावरून माणसाची पायरी ठरलेली. बाहेरच्यांनी ज्यांना हीन मानले त्यांनीही आपल्याखाली कोणीतरी ठेवलेच होते. हा रोग कोणत्या एका देशाचा नाही.

आता ही शिकार ओसरली ती कशी? १९८० ते १९८८ या इराण-इराक युद्धात रणभूमी याच दलदलीत आली. त्यानंतर मार्च १९९१ मध्ये दक्षिणेतील जनतेने सद्दाम हुसेनच्या राजवटीविरुद्ध उठाव केला. तो चिरडला गेला आणि बंडखोर दलदलीत आश्रयास गेले. तेव्हा सरकारने पाणीच काढून घेण्याचे ठरविले. बांध घातले, कालवे खोदले. नद्यांचे पाणी दलदलीला वळसा घालून समुद्राकडे नेले. गावे जाळण्यात आली. २००० सालापर्यंत दलदलीचा सुमारे ९० टक्के भाग नाहीसा झाला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००१ साली उपग्रहचित्रांसह हे जगापुढे मांडले. लाखो लोक विस्थापित झाले. शिकारी गेला, होडी गेली, बदकही गेले. चवदार तळ्याचे पाणी ज्यांना १९२७ साली झगडून मागावे लागले, त्यांच्या वारसांना पाणी हे शस्त्र कसे होते हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

२००३ मध्ये ती राजवट कोसळताच लोकांनी फावडी घेऊन बांध फोडले. पाणी परतले, बोरू उगवला, पक्षी आले, काही कुटुंबेही आली. २०१६ साली युनेस्कोने या प्रदेशाचा जागतिक वारशात समावेश केला. परंतु वरच्या अंगाला तुर्कस्तानातील अतातुर्कसारखी मोठी धरणे झाली आहेत, सीरिया आणि इराणमध्येही पाणी अडविले गेले आहे. त्यामुळे वसंतातला तो पूर आता येत नाही. पूर नाही म्हणून मीठ धुऊन जात नाही. खारे पाणी पिऊन म्हशी आजारी पडतात, मासे मरतात. २०१८ व पुन्हा २०२१ नंतरच्या दुष्काळात कित्येक गुराख्यांनी म्हशी विकून शहराची वाट धरली.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थ आणि देवदत्त यांच्यातील पक्ष्याचा वाद दिला आहे. मारणाऱ्याचा हक्क मोठा की वाचविणाऱ्याचा, हा तेथील प्रश्न. लवादाने कौल सिद्धार्थाच्या बाजूने दिला. इराकच्या दलदलीत मात्र तिसराच पक्ष दिसतो. ज्याने बाण मारला नाही, पक्ष्याला जवळही घेतले नाही, फक्त पाणी तोडले. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला म्हणून आम्ही 'नाही' असे उत्तर देतो. येथे कोणाच्याही मनातील हिंसा कमी झालेली नाही. उलट तथागतांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत प्राण्यांचा आणि मांसाचा व्यापार आहे, आणि दलदलीत आज उरलेली शिकार बरीचशी त्याच प्रकारची आहे. घरच्या चुलीसाठी चार पक्षी आणणारी जुनी पद्धत मोडली. जाळ्यांनी धरून अमाऱ्यासारख्या शहरांच्या बाजारात विकणे चालूच आहे. विजेचा धक्का देऊन मासे मारण्याची नवी रीतही आली आहे; तिने लहान पिलेही सुटत नाहीत. ज्याची म्हैस मेली त्याने दुसरे काय करावे, हेही विचारले पाहिजे.

बदके अजून येतात. पाणी आटून उरलेल्या थोड्या डोहांवर ती पूर्वीपेक्षा दाटीने बसतात, आणि जाळे टाकणाऱ्याला त्यामुळे सोपी सापडतात.