पदे कमी का झाली?

संगीत नाटकाचा विषय निघाला की वडीलधारी मंडळी हळहळतात. 'तुमच्या पिढीला बसायला वेळ नाही आणि ऐकायला कान नाही,' हा ठपका आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकलेला असतो. तो कितपत खरा आहे? रंगभूमीचा इतिहास थोडा बारकाईने पाहिला तर असे दिसते की, नाटकातील पदांची संख्या, त्यांची लांबी आणि नाटकाचा विषय या गोष्टी केवळ रसिकतेवर कधीच ठरल्या नाहीत. नाटकाचा खर्च कोण उचलतो आणि त्याच्यापाशी वेळ किती आहे, यावरही त्या ठरत आल्या आहेत.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले, ते तेथील संस्थानिकांच्या आश्रयाने. पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले, तोवर परिस्थिती पालटली होती. इंग्रजी शाळांतून शिकून कचेऱ्यांत आणि कोर्टांत स्थिरावलेला नवा मध्यमवर्ग आता पदरचे पैसे मोडून तिकीट काढीत होता. कीर्तनातून कानांवर पडलेल्या साकी-दिंडीच्या चाली त्याला लगेच आपल्या वाटल्या. आगगाडीमुळे पडदे आणि पेट्या घेऊन गावोगाव फिरणे नाटक मंडळ्यांना सोपे झाले. पुढे नाटकाचा विषयही याच वर्गाच्या माजघरातून आला. देवलांच्या 'शारदे'त (१८९९) पैशाच्या लोभाने मुलीचे लग्न म्हाताऱ्याशी ठरविणारा बाप आहे. प्रेक्षकांनी तो आपल्या आळीत पाहिलेला होता.

'मानापमान' (१९११) आणि 'स्वयंवर' (१९१६) या नाटकांनी गाण्याचे रूप बदलले. गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-गझलेच्या आणि भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या अंगाच्या चाली दिल्या. दरबारात मूठभरांनी ऐकावे ते गाणे तिकीट काढणाऱ्या कारकुनाला मिळू लागले, ही मोठीच सामाजिक घटना होती. बालगंधर्वांच्या पदांना वन्समोअरवर वन्समोअर पडत आणि रात्र सरून जाई. पण या वैभवाला खर्चही तसाच होता. भरजरी शालू, अत्तरे, तबल्याला अहमदजान थिरकवांसारखे वादक आणि बारा महिने पोसावयाचे मंडळीचे बिऱ्हाड, हे सारे तिकीटविक्रीवर उभे होते. त्यातच १९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात करमणूक कर आला.

मग बोलपट आला. 'आलम आरा' १९३१ साली आणि प्रभातचा 'अयोध्येचा राजा' १९३२ साली पडद्यावर झळकला. 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत दोन्ही गोविंदराव टेंब्यांचेच होते! बोलपटातील गाणे एकदाच ध्वनिमुद्रित होते आणि अनेक गावी एकाच वेळी वाजते; नाटकात गायकाला रोज नव्याने गावे लागते, तेही एकाच गावी. त्यात जागतिक मंदीचा काळ. या विषम सामन्यात मोठ्या मंडळ्या कर्जात बुडाल्या, यात प्रेक्षकांच्या कानांचा दोष फारसा नव्हता.

नाटकाने यावर उपाय शोधला. 'आंधळ्यांची शाळा' (१९३३) या नाटकात पदे मोजकीच होती, प्रयोग आटोपशीर होता आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. शिकलेली स्त्री घराबाहेर पडू लागली होती, तशी ती रंगमंचावरही आली. रांगणेकरांच्या 'कुलवधू'त (१९४२) तर कमावत्या पत्नीचाच प्रश्न मांडला गेला. पुढे 'मत्स्यगंधा' (१९६४) आणि 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) ही नाटके आली, तेव्हा मंडळीचे बिऱ्हाड मोडले होते. थिएटर भाड्याचे झाले होते आणि नटांना मासिक पगाराऐवजी दर प्रयोगाची 'नाईट' मिळत होती. जितेंद्र अभिषेकींनी या मर्यादा ओळखून पद नेमके आणि नाट्यप्रसंगाला धरून ठेवले. शेवटची गाडी गाठावयाची असलेला मुंबईकरही त्या गाण्यात रंगला.

याची उलट बाजू गोव्यात दिसते. तेथे देवळाच्या उत्सवात गावकरीच वर्गणी काढून, स्वतः तोंडाला रंग लावून संगीत नाटक उभे करीत आले आहेत. तेथे तिकिटाचा हिशेब नाही आणि सकाळच्या गाडीची घाईही नाही. म्हणून रात्रभर चालणारे नाटक तेथे तगले. तात्पर्य, रसिकता दोन्हीकडे आहे, फरक वेळेच्या आणि पैशाच्या व्यवस्थेत आहे.

म्हणून आपण 'संगीत नाटक मेले' असे म्हणून केवळ सुतक पाळू नये. आपल्या स्नेहसंमेलनात एकांकिकेला मिळणारा वेळ तासाभराच्या आतबाहेरचा, हाताशी एक पेटी, एक तबला आणि वर्गणीचे थोडे पैसे. एवढ्यात शंभर पदे मावणार नाहीत, पण चार नक्कीच मावतील. प्रश्न एवढाच उरतो की, देवलांना जशी आपल्या आळीतली शारदा दिसली, तशी आपल्या आळीतली कोणती गोष्ट आपण त्या चार पदांतून सांगणार आहोत?